हिवताप आणि रक्तातील पहारेकरी
(पूर्णगड येथे मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



 आम्ही डॉक्टर नाही, शास्त्रज्ञही नाही. विज्ञानाची पुस्तके वाचण्याची आवड असलेला या गावचाच एक माणूस म्हणून आपणापुढे उभे आहोत. आजचा विषय हिवतापाचा आहे. हिवतापाचा जंतू आपल्या पेशीत शिरतो कसा, आणि माणसाच्या रक्तात तयार होणारी प्रतिपिंडे, म्हणजे ज्यांना आपण अँटीबॉडी म्हणतो ती, त्याला दारातच कशी अडवितात, हे सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. विषय शास्त्राचा असला तरी त्याची सुरुवात आमच्याच घरातून करतो.

सन १९९५ च्या पावसाळ्यात आम्ही मुंबईला परळच्या एका चाळीत, गावच्या मंडळाच्या खोलीत राहात होतो. एका खोलीत वीस-बावीस माणसे. कुणी दिवसपाळीला, कुणी रातपाळीला, एकाची वळकटी उचलली की त्या जागी दुसऱ्याची पडे. त्या काळात मुंबईत हिवतापाने फार जोर धरला होता. आम्हालाही थंडी वाजून ताप भरला. रक्त तपासले, व्हायवॅक्स नावाचा हिवताप निघाला. गोळ्या मिळाल्या आणि चौदा दिवस न चुकता घ्या असे बजावून सांगितले गेले. चौथ्या दिवशी ताप उतरला, पाचव्या दिवशी आम्ही कामावर गेलो आणि उरलेल्या गोळ्यांची पुडी खिडकीच्या फळीवर पडून राहिली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात लग्नकार्यासाठी गावी आलो आणि तोच ताप पुन्हा उभा राहिला. कुणी म्हणाले उन्हाचा आहे, कुणी म्हणाले बाहेरचे काही लागले आहे. दहा-बारा दिवस त्यातच गेले. तोवर पाऊस सुरू झाला. आमची धाकटी बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली होती. महिन्याभराने तिला हुडहुडी भरून ताप आला. तिलाही हिवतापच निघाला. ती वाचली, बाळही वाचले. पण बाळ दिवसांआधी जन्मले आणि हाताच्या ओंजळीत मावेल एवढेच होते. त्याला जगविण्यासाठी आमच्या आईने जे हाल काढले ते आम्ही विसरलेलो नाही. आमच्या फळीवर राहिलेल्या गोळ्यांची किंमत बहिणीने दिली, असे आम्ही तेव्हापासून मानीत आलो आहोत. आज या विषयावर बोलण्याचे खरे कारण हेच आहे.

आता जंतूकडे वळू. सन १८८० मध्ये लाव्हेरां या फ्रेंच डॉक्टराने अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हा जंतू प्रथम पाहिला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना तो डासाच्या पोटात दिसला. त्यानंतर खराब हवेने हिवताप होतो ही जुनी समजूत मागे पडली. अ‍ॅनॉफेलिस जातीची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेबरोबर या जंतूची सुईसारखी पिल्ले आपल्या कातडीत सोडली जातात. त्यांना स्पोरोझोइट म्हणतात. संख्या फार नसते. दहा-वीस, फार तर शे-दोनशे. ती रक्तात शिरतात आणि यकृताकडे धाव घेतात. यकृताच्या पेशीत शिरून सुमारे आठवडाभर गुपचूप वाढतात. त्या काळात माणसाला काहीच जाणवत नाही. मग पेशी फुटते आणि एकाचे हजारो होऊन नवे जंतू रक्तात उतरतात. यांना मेरोझोइट म्हणतात. हे मेरोझोइट तांबड्या पेशीत शिरतात, आतील हिमोग्लोबिन खातात, वाढतात, आणि अठ्ठेचाळीस तासांनी ती पेशी फोडून पंधरा-वीस नवे जंतू बाहेर पडतात. पेशी फुटल्या की थंडी वाजते, ताप चढतो. ताप एकाआड दिवशी येण्याचे कारण हेच.

विद्यार्थी मित्रहो, यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हा जंतू दोनदा दार ओलांडतो. पहिले दार यकृताच्या पेशीचे, दुसरे तांबड्या पेशीचे. दाराच्या आत गेला की तो बऱ्याच अंशी सुरक्षित होतो. उघड्यावर असतो तो थोडाच वेळ. मेरोझोइट तर एका पेशीतून निघून दुसरीत शिरायला अवघी एक-दोन मिनिटे घेतो. आपल्या पूर्णगडचा किल्ला मुचकुंदीच्या मुखावर कशासाठी बांधला, हे आपणास सांगायला नको. गलबत समुद्रात असताना किंवा मुखाशी आले असताना त्याला अडविता येते. एकदा खाडीत शिरून वळण घेतले की किल्ल्यावरची तोफ काय कामाची? आपल्या रक्तातील प्रतिपिंडे ही अशीच मुखावरची पहारेकरी आहेत.

प्रतिपिंड म्हणजे आपल्याच शरीराने तयार केलेले एक प्रथिन. त्याचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. वरच्या दोन टोकांनी ते शत्रूचा ठराविक भाग पकडते. प्रत्येक शत्रूसाठी प्रतिपिंड वेगळे, जशी प्रत्येक कुलुपाची किल्ली वेगळी. जंतू पेशीत शिरतो तेव्हा त्याच्या अंगावरचे एखादे प्रथिन पेशीवरच्या प्रथिनात कडी-कोयंड्यासारखे अडकते. प्रतिपिंड अगोदरच त्या कडीला जाऊन चिकटले, तर कडी कोयंड्यात बसत नाही. जंतू दाराबाहेर राहतो आणि लौकरच मरतो.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. सन १९६१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील गॅम्बिया देशात कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी एक प्रयोग केला. तेथे हिवताप मुरलेला. लहान मुले त्याने दगावतात, पण जी वाचून मोठी होतात त्यांना पुढे तो फारसा त्रास देत नाही. अशा प्रौढ माणसांच्या रक्तातून प्रतिपिंडांचा भाग वेगळा काढून तो हिवतापाने आजारी असलेल्या मुलांना टोचला. काही दिवसांतच मुलांच्या रक्तातील जंतू झपाट्याने कमी झाले. मोठ्या माणसांनी वर्षानुवर्षे ताप सोसून जे कमावले होते, ते त्यांच्या रक्तातून मुलांच्या कामी आले.

यापुढची हकीकत या सभेतील प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. सन १९६३ मध्ये याच मंडळींनी पश्चिम आफ्रिकेतील लोकांची प्रतिपिंडे पूर्व आफ्रिकेतील आजारी मुलांना दिली. तेथेही गुण आला. सन १९९१ मध्ये आफ्रिकेतील लोकांची प्रतिपिंडे थायलंडमधील ८ रुग्णांना दिल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. खंड वेगळा, वंश वेगळा, भाषा वेगळी, तरी रक्तातील जंतू कमी झालेच. हजारो वर्षे आपल्याला रक्ताची शुद्धी-अशुद्धी सांगितली गेली. आमच्या आजोबांच्या पिढीला तर विहिरीवर पाणी भरण्याचीही बंदी होती. पण एका माणसाच्या रक्तातील पहारेकरी दुसऱ्याच्या रक्तात जाऊन उभा राहतो, तेव्हा तो कुणाची जात विचारीत नाही. तो फक्त जंतूला ओळखतो. माणूस एक आहे याचा पुरावा पुस्तकातच शोधायला हवा असे नाही. तो काचेच्या नळीतही सापडतो.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. आम्ही परळच्या खोलीत तापाने फणफणत होतो त्याच सुमारास, त्याच शहरात, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शोभना शर्मा आणि त्यांचे सहकारी हाच प्रश्न सोडवीत होते. ओरिसात, म्हणजे आजच्या ओडिशात, हिवताप मुरलेल्या भागात अशी प्रौढ माणसे होती की ज्यांना वारंवार डास चावूनही ताप येत नव्हता. त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे जंतूच्या नेमक्या कोणत्या भागाला पकडतात, हा प्रश्न होता. त्यांनी युक्ती अशी केली की जंतूची अनेक प्रथिने प्रयोगशाळेत तयार केली आणि ती दोन प्रकारच्या रक्तद्रवांनी तपासली. एक निरोगी, प्रतिकारशक्ती असलेल्या माणसांचा आणि दुसरा तापाने आजारी असलेल्यांचा. निरोग्यांचा रक्तद्रव ज्या प्रथिनांना पकडतो पण आजाऱ्यांचा पकडीत नाही, ती प्रथिने वेगळी काढली. हे काम १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यातून पुढे आलेल्या प्रथिनांपैकी एकाचे नाव पी-झीरो. हे प्रथिन प्रत्येक सजीव पेशीच्या आत, प्रथिने बनविण्याच्या कारखान्यात असते. ते जंतूच्या बाहेरच्या अंगावरही असते हे पाहून जाणकारांनाही आश्चर्य वाटले. सन १९९७ मध्ये या गटाने दाखविले की पी-झीरोविरुद्धची प्रतिपिंडे जंतूच्या वाढीला प्रयोगशाळेतील बशीत आळा घालतात आणि हा आळा मुख्यतः तांबड्या पेशीत शिरण्याच्या पायरीवर बसतो. सन २००० मध्ये अशी प्रतिपिंडे उंदरांना दिल्यावर उंदरांच्या हिवतापापासून त्यांचे रक्षण झाल्याचे दिसले. या प्रथिनापासून माणसांसाठी वापरात आलेली लस झालेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शास्त्रात असे पुष्कळदा होते. शंभर वाटा धुंडाळाव्या लागतात तेव्हा एक गावापर्यंत जाते. परंतु वाट दाखविली ती ओडिशातील साध्यासुध्या माणसांच्या रक्ताने, आणि ती वाचली मुंबईत, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावी.

या शोधाच्या इतर वाटा कुठवर आल्या ते थोडक्यात सांगतो. सन २०११ मध्ये इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी फॅल्सिपेरम या घातक हिवतापाच्या जंतूची एक फार महत्त्वाची कडी शोधली. तिचे नाव आरएच-फाइव्ह, आणि तांबड्या पेशीवरच्या कोयंड्याचे नाव बेसिजिन. या जंतूच्या इतर कड्या अशा आहेत की एक अडली तर तो दुसरी वापरतो. आरएच-फाइव्हवाचून मात्र त्याचे चालत नाही. या कडीवर बेतलेल्या लसीची चाचणी बुर्किना फासो देशातील लहान मुलांवर झाली. तिचा तिसरा डोस उशिरा दिलेल्या मुलांमध्ये सहा महिन्यांच्या काळात सुमारे ५५ टक्के संरक्षण मिळाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले.

हे झाले दुसऱ्या दाराचे. पहिल्या दारावर, म्हणजे यकृतावर, काम अधिक पुढे गेले आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने तयार केलेली आणि आपल्या पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आर-ट्वेंटीवन नावाची लस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्य केली. ही लस शरीराला अशी प्रतिपिंडे तयार करायला लावते की जी स्पोरोझोइटला यकृतात शिरण्यापूर्वीच गाठतात. आफ्रिकेतील ज्या भागांत हिवताप ठराविक हंगामात येतो तेथे हंगामापूर्वी दिल्यावर तिने वर्षभरात सुमारे ७५ टक्के आजार टाळले. पुण्याहून निघालेल्या बाटल्या आज आफ्रिकेतील मुलांच्या दंडापर्यंत पोचत आहेत.

आणखी एक वाट म्हणजे तयार प्रतिपिंडच टोचणे. लसीच्या प्रयोगात भाग घेतलेल्या एका स्वयंसेवकाच्या रक्तातून उत्तम प्रतिपिंड निवडून, त्यात थोडा बदल करून ते अधिक काळ टिकेल असे केले गेले. माली देशातील प्रौढांना ते एकदाच शिरेतून दिले, तेव्हा मोठ्या मात्रेने सहा महिने ८८ टक्के संरक्षण मिळाल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तशाच दुसऱ्या प्रतिपिंडाचे साधे इंजेक्शन मालीतील ६ ते १० वर्षांच्या मुलांना दिले, तेव्हा मोठ्या मात्रेने संसर्गापासून ७० टक्के संरक्षण मिळाल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सन १९६१ मध्ये गॅम्बियात जे केले तेच हे, फक्त आता हजार पहारेकऱ्यांतून नेमका एक निवडता येतो.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग आता चिंता कसली? लस आली, प्रतिपिंडे आली, गोळ्यांची कटकट संपली. बंधूंनो, इथेच थोडे थांबून विचार करू.

पहिली गोष्ट, या लसी आणि ही प्रतिपिंडे फॅल्सिपेरम हिवतापावरची आहेत. आम्हाला झाला तो व्हायवॅक्स. त्याची कडी निराळी. तो तांबड्या पेशीवरच्या डफी नावाच्या प्रथिनाला धरून आत शिरतो. पश्चिम आफ्रिकेतील बहुतेक लोकांच्या तांबड्या पेशींवर हे प्रथिन नसते, म्हणून तेथे व्हायवॅक्स विरळा. हे डफीचे रहस्य १९७६ मध्ये लुई मिलर यांनी उलगडले. आपल्याकडे मात्र जवळजवळ सर्वांच्या पेशींवर हा कोयंडा असतो. या कडीवरची लस नवी दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुकशास्त्र केंद्रात डॉ. चेतन चिटणीस आणि सहकाऱ्यांनी पुढे आणली. ऑक्सफर्डला स्वयंसेवकांवर झालेल्या चाचणीत तिने रक्तातील जंतूंच्या वाढीचा वेग सुमारे निम्म्याने कमी केला, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. आशा मोठी आहे, पण आपल्या आरोग्य केंद्राच्या कपाटात ती लस आलेली नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात शिरल्यावर वाढत नाहीत, तेथेच झोपून राहतात. काही आठवडे, काही महिने, कधी त्याहूनही अधिक. मग जागे होऊन पुन्हा रक्तात उतरतात. रक्तातील प्रतिपिंडे कितीही असोत, यकृताच्या पेशीत झोपलेल्या जंतूला ती शोधू शकत नाहीत. किल्ल्यावरचा पहारेकरी खाडीत लपलेल्याला काय करणार? त्याला मारणारे औषध आहे ते म्हणजे प्रायमाक्विन, आणि त्याचाच कोर्स चौदा दिवसांचा. आम्ही ज्या गोळ्या फळीवर ठेवल्या त्या याच होत्या. ताप उतरला तो रक्तातील जंतू मेले म्हणून. झोपलेले तसेच राहिले आणि आमच्याबरोबर गाडीत बसून पूर्णगडला आले. हे औषध गरोदर स्त्रियांना आणि तान्ह्या मुलांना देत नाहीत, आणि काही लोकांना त्याने रक्ताचा त्रास होऊ शकतो. म्हणून ते डॉक्टरांच्या सांगण्यानेच घ्यावयाचे, शेजाऱ्याची उरलेली पुडी घ्यावयाची नाही. लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठावयाचा. पण आपल्याला दिल्या असतील तर चौदा म्हणजे चौदा.

तिसरी गोष्ट. आपल्या भागात काही लोक म्हणतात, मला दोनदा हिवताप झाला, आता माझे रक्त तयार झाले. हा मोठा गैरसमज आहे. गॅम्बियातील आणि ओडिशातील त्या प्रौढांनी लहानपणापासून वर्षानुवर्षे, पुन्हा पुन्हा हा जंतू झेलला होता. त्यांच्या भावंडांपैकी कितीतरी त्यात गेली होती. त्या किमतीत ती ताकद आली, आणि तो मुलूख सोडून माणूस दूर राहिला तर तीही ओसरत जाते. कोकणात हिवताप इथे-तिथे, अधूनमधून येतो. दोन तापांनी आपल्या रक्तात भरवशाचे पहारेकरी उभे राहात नाहीत.

म्हणून पहारा आपणच द्यायचा आहे. मुंबईत स्टीफेन्सी जातीचा डास झाकण नसलेल्या गच्चीवरच्या टाकीत आणि विहिरीत वाढतो. सन १९११ च्या अहवालात बेंटली या अधिकाऱ्याने मुंबईच्या विहिरी झाका असे सांगितले होते. आपल्या गावाकडे चिरेखाणींचे खड्डे पावसात भरतात आणि दिवाळीपर्यंत कोरडे होत नाहीत. बागेत कलमांसाठी केलेले हौद, खाणींवर आणि होड्यांवर कामाला येणारे परप्रांतीय मजूर, त्यांच्या उघड्या झोपड्या, हे सर्व आपण रोज पाहतो. त्या मजुरांनी ताप आणला असे म्हणण्याआधी त्यांना मच्छरदाणी कुणी दिली, त्यांचे रक्त कुणी तपासले, हे विचारले पाहिजे. आम्हीही एकेकाळी मुंबईत असेच परके मजूर होतो, आणि ताप घेऊन गावी आलो होतो.

मंडळाच्या सभासदांना आमची विनंती आहे. ताप आला की काचपट्टीवर रक्त द्या. ती तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते. रक्त देताना अनेक माणसे, विशेषतः बायका, मागे हटतात. एका थेंबाने अंगातील ताकद जात नाही. आठवड्यातून एक दिवस टाक्या-पिंपे कोरडी करा, टाकीला झाकण ठेवा, खाणीच्या खड्ड्यांत गप्पी मासे सोडा. मुंबईची मंडळाची खोली असेल तर तेथे मच्छरदाण्या लावा, आणि कुणाला चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या मोजण्याचे काम खोलीतील एकाकडे सोपवा. आमच्या खोलीत तेव्हा असा मोजणारा कुणी असता, तर आमच्या बहिणीचे बाळ पूर्ण दिवसांचे झाले असते.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला वेगळे सांगतो. भारत सरकारने २०३० पर्यंत देशातून हिवताप हद्दपार करण्याचे ठरविले आहे. सन २०२५ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने भुवनेश्वरच्या केंद्रात तयार होत असलेल्या नव्या हिवताप लसीची माहिती जाहीर केली. म्हणजे ज्या ओडिशाच्या माणसांनी मुंबईच्या प्रयोगशाळेसाठी रक्त दिले, त्याच भूमीत आता लसीचे काम चालले आहे. आजवर आपल्या समाजाने अशा कामांत बहुतेक रक्त देणाऱ्याच्या रांगेत उभे राहून हातभार लावला. तो मोठाच हातभार आहे, त्याची लाज बाळगू नका. पण यापुढे त्या रक्तात काय लिहिले आहे ते वाचणाऱ्यांच्या रांगेतही आपली मुले-मुली दिसली पाहिजेत. व्हायवॅक्सची लस आपल्या आरोग्य केंद्राच्या कपाटात आलेली नाही, हे आम्ही मघाशी सांगितले. ते काम शिल्लक आहे आणि ते तुमची वाट पाहात आहे.

आमच्या बहिणीचे ते बाळ जगले, वाढले. शाळेत असताना तो पावसाळा आला की घरातील पिंपांची झाकणे तपासीत फिरे. आजीने त्याला तशी सवयच लावली होती. आम्ही ती गोष्ट आमच्या चुकीची आठवण म्हणून मनात जपून ठेवली आहे. आज आपण घरी गेल्यावर आपापल्या फळीवर कुणाची अर्धी राहिलेली पुडी आहे का ते पाहावे, आणि असेल तर ती घेऊन उद्या सकाळी दवाखान्यात जावे, एवढी विनंती आहे.